वैरणीचा पंचनामा

बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली ज्या कुंभकोणम येथे झाला, त्या गावाचे नाव आज दक्षिणेत अधिक ऐकू येते ते तेथल्या डिग्री कॉफीमुळे. पाणी न घातलेले गाईचे दूध हे त्या कॉफीचे रहस्य. त्या दुधामागे मात्र भाताचा पेंढा उभा असतो, आणि कॉफी पिणाऱ्याचे त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

कावेरी आणि अरसलार यांच्या मधोमध वसलेल्या या गावाभोवती भाताची खाचरेच खाचरे आहेत. कुरण असे जवळजवळ नाहीच. सांबा हे लांब मुदतीचे पीक जानेवारी-फेब्रुवारीत निघाले, की पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात आणि मोकळ्या शेतांत गुरे सोडली जातात. ज्या मजुराला वीतभर जमीन नाही, त्याची गाय बांधावरच्या गवतावर, परक्याच्या शेतातील धसकटांवर आणि मिळेल तेवढ्या पेंढ्यावर जगते.

२०२१ च्या जानेवारीत आणि पुन्हा २०२३ च्या फेब्रुवारीत ऐन कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला. २०२३ साली राज्य सरकारने ३३ टक्के वा अधिक हानी झालेल्या पिकास हेक्टरी २०,००० रुपये जाहीर केले. ते उचितच झाले. परंतु ही मदत दाण्याची, आणि दाणा ज्याच्या नावे लागला त्याची. चिखलात काळा पडलेला, बुरशी आलेला पेंढा जनावर तोंडात धरीत नाही. त्याचा पंचनामा कोणी करावयाचा?

नियमांत पशुपालकाला स्थान नाही असे नव्हे. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या आपत्ती निवारणाच्या निकषांत दुभती गाय दगावल्यास ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीस ४,००० रुपये धरले होते. जिवंत जनावराच्या वैरणीसाठी मोठ्यास दिवसाला ८० व लहानास ४५ रुपये होते. पण ते छावणीत. गाय मेली तर मदत, छावणीत गेली तर मदत. दारात उपाशी उभी राहिली तर मात्र प्रश्नच.

छावणी ही आपल्या मराठी मुलखाच्या ओळखीची. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माण, बीड या भागांत तिने कित्येक दावणी वाचविल्या. कोरड्या माळावर ती शोभते. कावेरीच्या ओल्या खाचरांत ती उभारावी कोठे, आणि सकाळी दोन लिटर दूध घालून मजुरीला जाणाऱ्या बाईने आपली एकच गाय तेथे नेऊन बसावे तरी कसे?

अमेरिकेत दुष्काळाने चराई बुडाली, तर जनावर मरण्याची वाट पाहत नाहीत. खाद्याच्या मासिक खर्चाच्या ६० टक्के या हिशेबाने पैसे देण्याची योजना तेथे आहे. पण तेथेही कुरण स्वतःचे किंवा भाड्याने घेतलेले असावे लागते. बिनजमिनीच्या माणसाची गाय तेथेही कागदाबाहेरच!

कुंभकोणमच्या परिसरात मात्र एक कागद हाताशी आहे. सहकारी दूध संस्थेच्या वहीत रोज कोणी किती दूध घातले याची नोंद होते, आणि ती वही सातबारा विचारीत नाही. पावसाच्या आधीचा आणि नंतरचा पंधरवडा शेजारी शेजारी ठेवला, तर कोणाच्या दारी वैरण संपली हे ग्राम प्रशासन अधिकाऱ्यास बसल्या जागी वाचता येईल.