परसबागेतील रासबेरी : आधी हवामान, मग जात



रासबेरीची रोपे आता रोपवाटिकांतून मिळू लागली आहेत. कुंडीवर लालभडक फळांचे चित्र असते आणि किंमतही चांगलीच असते. रोप लावल्यावर पाने येतात, काटेरी फांद्या वाढतात, पण फळ मात्र येत नाही. मग आपण खताला किंवा पाण्याला दोष देतो. खरी चूक बहुतेक वेळा रोप घेतानाच झालेली असते. म्हणून आज जातींच्या निवडीपासून सुरुवात करू.

लाल रासबेरी हे मूळचे थंड प्रदेशातील झुडूप आहे. तिच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान एकूण आठशे तास किंवा त्याहून जास्त मिळावे लागते. तेवढी थंडी मिळाली तरच डोळे नीट फुटतात व फुले येतात. पुणे, सातारा, नाशिकच्या सपाटीवर इतकी थंडी मिळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर असले तरी तेथेही ती पुरेशी नसते.

जातींचे दोन गट लक्षात ठेवा. पहिल्या गटात जमिनीतून निघालेली काडी पहिल्या वर्षी फक्त वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मग वाळते. ग्लेन मोय, टुलामीन या जाती अशा आहेत. त्या आपल्याकडे लावू नयेत. दुसऱ्या गटात त्याच वर्षीच्या काडीच्या शेंड्यावर फळे येतात. हेरिटेज ही अमेरिकेत १९६९ साली प्रसारित झालेली जात आणि इंग्लंडमधील ऑटम ब्लिस या गटातील आहेत. यांची थंडीची गरज कमी असल्याने डोंगरमाथ्यावरील बागायतदारांनी हौस म्हणून चार-पाच रोपे लावून पाहण्यास हरकत नाही. मात्र त्यांवर मोठा खर्च करू नये.

आपल्यासाठी सर्वांत भरवशाची ती म्हैसूर रासबेरी. ही हिमालयात आणि पश्चिम घाटात नैसर्गिकरीत्या आढळते. तिच्या जांभळट काडीवर पांढरी भुकटी धरल्यासारखी दिसते. फळ आधी लाल होते व पिकल्यावर काळे-जांभळे होते. बी थोडे जास्त असते, पण स्वाद उत्तम आणि कडक थंडीची गरज नाही. महाबळेश्वर-पाचगणी व घाटमाथ्याच्या थंड गावांत हीच लावावी.

जमीन व लागवड : सामू ५.५ ते ६.५ असलेली, निचऱ्याची जमीन निवडावी. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. मुळांशी पाणी साचणे हा या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण त्यामुळे मूळकूज होते. घाटमाथ्यावरील पाऊस लक्षात घेता एक फूट उंचीच्या गादीवाफ्यावरच लागवड करावी. वाफ्यात कुजलेले शेणखत मिसळावे. म्हैसूर रासबेरीच्या दोन रोपांत अडीच मीटर अंतर ठेवावे. लाल रासबेरीला अर्धा मीटर पुरते.

अभिवृद्धी : लाल रासबेरीचे मुनवे मुळांसह काढून लावावेत. म्हैसूर रासबेरीची लांब काडी वाकवून तिचे टोक पावसाळ्यात चार बोटे मातीत दाबावे. टोकाला मुळे फुटून जोम धरल्यावर ते मूळ झाडापासून तोडावे. एक रोप विकत घेतले की पुढची रोपे घरचीच होतात.

छाटणी : येथेच बहुतेकांची चूक होते. म्हैसूर रासबेरीच्या फळून गेलेल्या काड्या तोडणी संपताच जमिनीलगत कापाव्यात. नव्या काड्यांपैकी पाच-सहा जोमदार ठेवून बाकीच्या काढाव्यात. त्या कमरेच्या वर गेल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बगलफुटी येतात आणि फळे हाताशी येतात. काड्या दोन तारांना बांधाव्यात. हेरिटेजसारख्या जातीत बहार संपल्यावर सर्वच काड्या कापल्या तरी चालते.

फळे येण्याच्या काळात पाण्याचा ताण पडू देऊ नये. वाळलेल्या गवताचे आच्छादन करावे. बुलबुलांपासून फळे वाचविण्यासाठी जाळी लावावी. फळ पूर्ण पिकल्यावर सकाळी तोडावे, कारण तोडल्यानंतर ते पिकत नाही. पिकलेले फळ देठाकडील गाभा झाडावरच ठेवून सहज निघते. उथळ भांड्यात एक-दोन थर ठेवून ते त्याच दिवशी खावे, नाहीतर जॅम करावा.

एक सावधगिरी बाळगा. ही वेल-झुडपासारखी पसरते. गॅलापागोस बेटांवर म्हैसूर रासबेरी उपद्रवी तण ठरली आहे. म्हणून जमिनीला टेकणारी टोके वेळीच उचलावीत आणि बांधापलीकडे, रानाकडे तिला जाऊ देऊ नये.

सपाटीवरील बंधू-भगिनींनी निराश होऊ नये. आपल्या परसात तुती व फालसा उत्तम येतात आणि मुलांची बेरी खाण्याची हौस त्यावर सहज भागते.

तेव्हा रोप घेताना कुंडीवरचे चित्र पाहू नका. जात कोणती, तिला थंडी किती लागते आणि त्याच जातीचे फळलेले झाड आपल्या भागात कुठे पाहायला मिळेल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवा.