जुना ट्रॅक्टर आणि उन्हाळी नांगरट



मी काही मिस्त्री नाही. शिक्षण मॅट्रिक, आणि सारा जन्म खडू-फळ्यात गेला. पण माझ्या भाच्याचा हात भाजला, तेव्हापासून इंजिन का तापते हे मी चार जाणत्यांना विचारून समजून घेतले. तेच आज सांगतो.

भाचा पूर्णाकाठी राहतो. त्याने जुना ट्रॅक्टर घेतला. पऱ्हाटी निघाली, रान मोकळे झाले. मे महिन्यात दोन फाळांचा पलटी नांगर लावून तो भर दुपारी शेतात उतरला. उन्हाळी नांगरट चांगलीच. जमिनीतले किडींचे कोष वर येतात, उन्हात मरतात. पण आपली काळी जमीन तेव्हा दगडासारखी असते. तासाभरात काटा लालवर गेला. वाफ निघू लागली. पोराने घाईने रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळून वर आले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. सोबतच्या गड्याने मदत म्हणून कळशीभर थंड पाणी आत ओतले, तर हेडला तडा गेला. बियाण्याचे पैसे दवाखान्यात आणि दुरुस्तीत गेले.

मिस्त्रीने रेडिएटर खोलला आणि मला जवळ बोलावले. "गुरुजी, हे पाहा. इंजिनले पाणी भेटन कसं?"

आतल्या बारीक नळ्या पांढऱ्या थराने भरल्या होत्या. भाचा रोज बोअरचे पाणी घालत होता. आपला हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी खारे. असे पाणी रोज तापवले की भांड्याला आतून पांढरे पूट चढते, हे तुम्ही बहिणी रोज बघता. इंजिनातही तेच होते.

इंजिनात डिझेल जळते. त्याची उष्णता पाणी उचलते आणि रेडिएटरच्या नळ्यांत आणते. तिथे पंख्याचा वारा ती बाहेर नेतो. पाण्याची वाट बुजली किंवा वाऱ्याची बुजली, की इंजिन तापलेच. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला समोरून वारा लागतो. नांगरणारा ट्रॅक्टर चालतो माणसाच्या चालीने आणि जोर लावतो पुरा. त्यात अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर चढतो. थंड करणारा वाराच गरम!

वाऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बर्फाच्या देशांत रस्त्यावरचा बर्फ लोटायला ट्रकापुढे मोठे लोखंडी पाते बसवतात. त्या पात्याने रेडिएटरचा वारा अडला, तर भोवती बर्फ असूनही इंजिन तापते. आपल्याकडे पाते नाही, पण भुसा आहे, धूळ आहे, कापसाची पिंजण आहे. रेडिएटरची जाळी त्याने गच्च होते. इंजिन बंद आणि थंड असताना पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारा. जोराची धार नको, पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. नांगरटीच्या दिवसांत हे रोज करावे.

आता पाण्याचे. नांगरट सुरू होण्याआधीच, इंजिन थंड असताना जुने पाणी सोडून द्या. स्वच्छ पाणी भरा, इंजिन थोडे चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा सोडा. पाणी निवळ येईपर्यंत. थर जाड असेल तर रेडिएटर दुकानातच साफ करून घ्यावा लागतो. नंतर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे भरा. तयार मिळणारे कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नका. बोअरचे तर नकोच नको. आणि बायांनो, हे तुमच्यासाठी: कूलंट चवीला गोड असते, पण विष आहे. सांडलेले कूलंट जनावर चाटील, पोर तोंड लावील. लगेच धुऊन टाका.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने मधोमध दाबून पाहा. साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर पट्टा घसरतो. रबरी नळ्या फुगल्या, चिरल्या असतील तर बदला. आत थर्मोस्टॅट नावाची लहान झडप असते. "काढून टाका, थंड चालन," असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. खराब असेल तर नवी बसवावी.

काम पहाटे पाचला सुरू करा, दहाला थांबा. इंजिन दमले तर गिअर उतरवा, नांगर थोडा वर घ्या.

तरीही काटा लालकडे गेला तर? नांगर उचला, ट्रॅक्टर उभा करा, इंजिन थोडा वेळ हळू चालू द्या. पण पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल तर ताबडतोब बंद करा. मग झाडाखाली बसा. झाकणाला हात लावता येईल इतके ते थंड झाल्यावरच उघडा. घाईत कोणी भाजलाच, तर भाजल्या जागी वीस मिनिटे साधे पाणी ओतत राहा आणि दवाखान्यात न्या. माझ्या भाच्याला कोणी तरी शाई लावली होती!

उद्या सकाळी सहाला मिस्त्री शाळेच्या पटांगणात येणार आहे. ज्याचा ट्रॅक्टर आहे त्याने घेऊन यावे. रात्रीच आणून ठेवला तर बरे, म्हणजे सकाळी तो थंड असेल.