सूत्र आणि गृहीतक



२९ मार्च १९०० रोजी पॅरिसमध्ये लुई बाशेलिए या तरुणाने शेअर बाजारातील सट्ट्याविषयी गणिताचा प्रबंध सादर केला. परीक्षकांत थोर गणिती आंरी प्वांकारे होते. किमतींच्या चढउतारांना त्याने संभाव्यताशास्त्राच्या चौकटीत बसविले. परंतु त्याचे मोल जगाला उमगण्यास अर्धशतक लोटले. १९७३ साली ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी ऑप्शनचे मूल्य ठरविण्याची रीत मांडली आणि बाजाराला गणितज्ञांची निकड भासू लागली.

त्याच पॅरिसमध्ये १९९० साली निकोल एल कारुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वित्तीय गणिताचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. संभाव्यताशास्त्र, यादृच्छिक प्रक्रिया, संगणकीय पद्धती आणि अखेरीस वित्तसंस्थेत प्रत्यक्ष उमेदवारी, अशी त्याची बांधणी.

मात्र विद्वत्तेलाही मर्यादा असते. १९९७ साली शोल्स व मर्टन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९८ साली ते भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड कोसळला. रशियाने कर्जफेड थांबविताच, एकमेकांपासून अलिप्त मानलेले बाजार एकाच वेळी बिथरले. फंड सावरण्यासाठी १४ वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतावे लागले. गणित चुकले नव्हते. गृहीतक चुकले होते.

म्हणून मुलांना या वाटेने धाडणाऱ्या पालकांनी केवळ वेतनाचा आकडा विचारू नये. सूत्र कोठे लागू पडत नाही, हेही तेथे शिकविले जाते काय, हे आधी विचारावे. जोखमीचे मोजमाप चुकले, तर त्याची किंमत ज्यांनी ते सूत्र कधी पाहिलेही नाही, त्यांनाही मोजावी लागते.