लामालेराचे वाटे

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, थोडे संपादित)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू इतकी वर्षं इंडोनेशियात आहेस, बालीबद्दल बोल." पण बालीला तुमच्यातले चौघे-पाचजण जाऊन आलेत आणि त्यांचे फोटो आपण ग्रुपवर दोन महिने बघतोय. म्हणून मी अशा गावाबद्दल बोलणार आहे, जिथं तुमच्यापैकी कुणी जाण्याची शक्यता कमीच. गावाचं नाव लामालेरा.

भूगोलाच्या बाई समोरच बसल्यात, तेव्हा ठिकाण नीट सांगतो. जावा, बाली, लोंबोक असं करत पूर्वेकडे गेलं की फ्लोरेस हे लांबलचक बेट लागतं. त्याच्याही पुढे लेम्बाटा. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून लामालेरा बसलंय. प्रांताचं नाव नुसा तेंग्गारा तिमूर. लोक त्याला एनटीटी म्हणतात आणि त्या आद्याक्षरांचा गमतीनं अर्थ लावतात, 'नासिब तिडाक तेन्तू'. नशिबाचा भरवसा नाही. नासिब म्हणजे आपलंच नशीब. असे शब्द तिथं पावलोपावली भेटतात. गावाला 'देसा', सरपंचाला 'कपाला देसा', आणि शिक्षकाला 'गुरू' म्हणतात. सर, तुम्हाला तिथंही त्याच मानानं हाक मारतील.

मी सुरबायात शीतगृहांच्या यंत्रांचं काम करतो. काही वर्षांपूर्वी मासळी खरेदी करणाऱ्या एका कंपनीनं मला विचारलं, लामालेरात बर्फाचा कारखाना उभा राहील का, बघून या. तिमोर बेटावरच्या कुपांगहून छोट्या विमानानं लेवोलेबा या तालुक्यासारख्या गावी उतरलो आणि तिथून ट्रकच्या मागच्या फळीवर बसून चार तास. शेजारी तांदळाची पोती, दोन डुकरं आणि शाळेच्या सुट्टीत घरी निघालेल्या मुली. उतरलो तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो वास. घरांसमोर बांबूच्या दांड्यांवर मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या आणि त्यांतून ठिबकणारं तेल खाली अर्ध्या चिरलेल्या बांबूच्या पन्हळीत गोळा होत होतं. सुकट-बांगड्याच्या वासात वाढलेला मी, तरी दोन दिवस जेवण गेलं नाही.

ते मांस देवमाशाचं. लामालेराची दोनेक हजार माणसं पिढ्यान् पिढ्या देवमाशाची शिकार करतात. 'तेना' नावाची लाकडी होडी असते, तिला खिळा म्हणून नाही, सगळे सांधे लाकडी मेखांचे. शीड ताडासारख्या झाडाच्या पानांचं विणलेलं. नाळेवर एक माणूस लांब बांबूचा भाला घेऊन उभा राहतो. त्याला 'लामाफा' म्हणतात. देवमासा जवळ आला की तो भाल्यासकट माशाच्या पाठीवर उडी घेतो, म्हणजे अंगाचं सगळं वजन भाल्याला मिळतं. नंतर जखमी मासा होडी ओढत नेतो. १९९४मध्ये होड्या अशाच तिमोरच्या दिशेनं वाहवत गेल्या आणि माणसांना वाचवलं ते एका पर्यटक जहाजानं. नशिबाचा भरवसा नाही, म्हणतात ते उगीच नव्हे.

काहींच्या चेहऱ्यावर नापसंती दिसतेय. मलाही ती होती. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर जगात १९८६पासून बंदी आहे. इंडोनेशिया त्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा सदस्य नाही आणि इथली शिकार पोटापुरती आहे, म्हणून ती चालू आहे. एखाद्या वर्षी वीसेक मासे मिळतात, एखाद्या वर्षी बोटांवर मोजण्याइतके. शिवाय ते मुख्यतः स्पर्म व्हेल मारतात. तोंडात दातांऐवजी झालर असलेल्या मोठ्या देवमाशांना ते हात लावत नाहीत, कारण त्यांनी पूर्वजांना वाचवलं अशी गावाची श्रद्धा आहे. २००९मध्ये सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान जाहीर झालं, तेव्हा गावानं इतका विरोध केला की हा पट्टा वगळावा लागला.

मला शिकारीपेक्षा नंतरचं पाहायला मिळालं, आणि तेच मी सांगायला उभा आहे. मासा किनाऱ्याला लागला की त्याचे वाटे होतात. कुठला भाग कुणाचा हे आधीच ठरलेलं. लामाफाचा वाटा, वल्हवणाऱ्यांचा, होडी बांधणाऱ्या सुताराचा, भाल्याची टोकं घडवणाऱ्या लोहाराचा, शीड विणणाऱ्याचा, आणि ज्यांच्या पूर्वजांनी या लोकांना ही जमीन दिली त्या घराण्यांचाही. मग ज्याचा त्याचा वाटा नात्यागोत्यात फिरतो आणि विधवांच्या, म्हाताऱ्यांच्या घरी पोचतो. आपल्या किनाऱ्यावरची रापण आठवा. दोराला हात लावला त्याला टोपलीत काहीतरी पडायचंच.

गावाची जमीन नुसता दगड, मका फारसा होत नाही. तो पिकतो डोंगरातल्या गावांत. म्हणून बायका सुकं मांस डोक्यावर घेऊन शनिवारी वुलांदोनीच्या बाजाराला जातात. तिथं पैसे जवळपास चालत नाहीत. शिट्टी वाजेपर्यंत कुणी देवाणघेवाण करायची नाही, शिट्टी वाजली की एकच गलबला. मांसाच्या पट्टीला मक्याची कणसं, केळी, रताळी, भाव सहा-सहाच्या मोजणीत.

आता माझा बर्फ. मी आकडे मांडले. पाणी, वीज, ट्रकनं येणारं डिझेल, रस्ता, आणि ज्या दिवशी मासाच नाही त्या दिवशीचा खर्च. पण आकड्यांआधी मला उत्तर दिलं ते मी उतरलो होतो त्या घरच्या आजीनं. तिथं म्हाताऱ्या बाईला 'नेने' म्हणतात. नेने म्हणाली, "बर्फ आला की ताजा मासा ट्रकनं पैशाला जाईल. पैसा होडीच्या मालकाच्या खिशात बसतो. त्याचा वाटा कसा करायचा, ते आमच्यात कुणी ठरवलेलं नाही. आणि डोंगरवाल्यांनी मका घेऊन बसायचं कुणासमोर?" शेजारी तिचा नातू बसला होता, बाहेर बांधायचं इंजिन असलेल्या होडीचा मालक. तो म्हणाला, "नेने, मुलांची फी कणसांत भरता येत नाही." दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही माझ्याकडे बघत होते, जणू निकाल मी देणार.

असल्या सुधारणेला गाव नवखं नाही. १९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं नॉर्वेहून जाणकार पाठवून शिकार आधुनिक करण्याचा प्रयोग केला होता. काही वर्षांत तो गुंडाळला. इंजिन मात्र लोकांनी आपणहून घेतलं. आता तेना ओढायलाही इंजिनवाली होडी लागते आणि तरुण जाळी लावून ट्यूना, शार्क धरतात. पूर्वी मोठे मांटा पाकटही मारत. त्यांना २०१४पासून देशभर संरक्षण आहे, म्हणजे ती मिळकत कायद्यानं बंद.

शिकण्याचं म्हणाल, तर हे गाव मागे नाही. इंडोनेशियन भाषेचे नामांकित अभ्यासक गोरिस केराफ इथले. त्यांची पुस्तकं देशभर वापरली गेली. १९९९ ते २००१ या काळात देशाचे पर्यावरणमंत्री असलेले सॉनी केराफही इथलेच. देवमासे मारणाऱ्या गावचा पर्यावरणमंत्री! मी हे सांगितलं की जकार्ताचे लोक हसतात, गावकरी हसत नाहीत, त्यांना त्यात विसंगत काही वाटत नाही. पण शिकलेलं पोर लेवोलेबा, मग कुपांग, मग जकार्ता असं जातं, आणि न शिकलेलं मलेशियात मजुरीला. ट्रकमधल्या त्या मुलींना मी विचारलं, पुढे काय होणार? एक नर्स, एक गुरू. गावात राहणार का, यावर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

मी अहवालात कारखाना नको असं लिहिलं. मासळीसाठी झाकणाच्या जाड पेट्या आणि लेवोलेबाहून ट्रकनं येणारा बर्फ, एवढंच सुचवलं. कंपनीचा रस संपला. त्या नातवानं आणि आणखी चार होडीवाल्यांनी मिळून दोन पेट्या स्वतःच घेतल्या. बर्फ भुशाच्या पोत्यातून येतो, चार तासांत निम्मा वितळतो. मागच्या वर्षी त्यानं फोनवर सांगितलं, की ट्यूना विकून आलेल्या पैशातून होडीवरच्या प्रत्येकाला काय द्यायचं, यावर गावात अजून भांडण चालू आहे. लोहाराला द्यायचं की नाही, हा मुख्य मुद्दा, कारण ट्यूना धरायला भाला लागत नाही. नेनेचं म्हणणं, द्यायचं.