शाळेबाहेरचा अर्धा दिवस

अभ्यासक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची यादी उभी राहते. कोणत्या इयत्तेत किती पाढे, कोणती कविता, कोणत्या राजाची लढाई, एवढाच त्याचा विस्तार असे आपण समजून चालतो. वस्तुतः अभ्यासक्रम ठरविणारा माणूस याहून पुष्कळ मोठी गोष्ट ठरवीत असतो. मुलाच्या दिवसाचे किती तास शाळेचे आणि किती घराचे, कोणती विद्या सर्वांनी घ्यावयाची आणि कोणती ज्याच्या त्याच्या जन्माने वाट्याला येईल तशी घ्यावयाची, हेही तो ठरवितो. याचा प्रत्यय मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, 1953 साली जसा आला तसा अन्यत्र क्वचितच आला असेल. त्या प्रकरणात एका मराठी शिक्षणतज्ज्ञाचाही भाग होता; म्हणून ते आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहे.

चक्रवर्ती राजगोपालाचारी त्या वेळी मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. 14 वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न 10 वर्षांत करावा, असे राज्यघटनेच्या 45 व्या कलमाने सांगून ठेवले होते. सांगणे सोपे होते. तिजोरीत पैसा नव्हता, शिक्षक अपुरे, इमारतींची वानवा. आणि जी मुले पहिलीत येत त्यांतलीही पुष्कळशी वरच्या इयत्ता गाठण्यापूर्वीच गळून जात. राजाजींनी काढलेला तोडगा त्यांच्या तल्लख बुद्धीला शोभेल असाच सुटसुटीत होता. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मुलाने रोज तीनच तास बसावे. शाळा दोन पाळ्यांत भरवावी, म्हणजे त्याच छपराखाली, त्याच शिक्षकांकडून दुप्पट मुले शिकतील. उरलेल्या वेळात मुलाने बापाच्या धंद्यात हात घालावा, मुलीने आईला हातभार लावावा. 1953 च्या शालेय वर्षापासून ही योजना ग्रामीण भागात लागू झाली.

या योजनेची थट्टा करणे सोपे आहे, पण तिच्यातले तथ्य नाकारता येणार नाही. कंटाळलेल्या मुलांना पाच तास कोंडून ठेवण्यापेक्षा तीन तास मन लावून शिकविणे बरे, हे कोणताही अनुभवी शिक्षक मान्य करील. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याचे पोर शाळेतून नाहीसे होते, ही गोष्ट सरकारी कागदांवर दिसो वा न दिसो, गावाला ठाऊक असते. शिवाय कुंभाराचे चाक आणि विणकराचा माग यांतही विद्या आहे, ती तुच्छ नव्हे, ही राजाजींची श्रद्धा प्रामाणिक होती.

मग बिघडले कोठे? बिघडले ते ‘बापाचा धंदा’ या दोन शब्दांत. बलुतेदारीची व्यवस्था पाहिलेल्या मराठी माणसाला हे फोडून सांगण्याची गरज नाही. सुताराच्या मुलाने दुपारी रंधा धरावा, चांभाराच्या मुलाने आरी धरावी, आणि ज्याच्या बापाच्या वाट्याला गावाने झाडलोटच ठेवली आहे त्याच्या मुलाने? योजना खेड्यांपुरती होती, हेही ध्यानात घ्यावे. मैलापूरच्या वकिलाचा मुलगा पूर्ण वेळ शाळेत बसणार आणि घरी परतल्यावर बापाची पुस्तके उघडणार. त्याची दुपार म्हणजे दुसरी शाळाच. खेड्यातल्या मुलाची दुपार मात्र त्याला आजोबा-पणजोबांच्या जागी नेऊन बसविणार. पेरियार रामस्वामी यांच्या द्रविड कळघमाने आणि अण्णादुराईंच्या द्रविड मुन्नेत्र कळघमाने या योजनेला ‘कुलक्कल्वि’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले. ते असे चिकटले की मूळ सरकारी नाव आज कोणाच्या स्मरणात नाही. जुलै 1953 मध्ये आंदोलन रस्त्यावर आले. विधानसभेत योजना रद्द करण्याच्या ठरावावर समसमान मते पडली. अखेर ती स्थगित ठेवून तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवावी, असे ठरले.

या समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे रा. वि. परुळेकर. भारतातील साक्षरतेवर 1939 साली त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. 1820 ते 1830 या काळातील मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांच्या पाहणीची कागदपत्रेही त्यांनी संपादित केली होती. आधी सर्व मुले शाळेत आणा, गुणवत्तेची चिंता मागाहून करा, आणि त्यासाठी पाळी पद्धतीचाही संकोच बाळगू नका, असा त्यांचा अनेक वर्षांचा आग्रह होता. अशा पुरुषाला मद्रासची योजना पटावी यात नवल नाही. नोव्हेंबर 1953 मध्ये समितीने अहवाल दिला आणि योजनेची मूळ कल्पना योग्य ठरविली.

मला वाटते, हिशेब म्हणून योजना बरोबरच होती. अभ्यासक्रम म्हणून ती फसली. सकाळच्या तीन तासांना विषय होते, शिक्षक होता, हजेरी होती. दुपारच्या तासांना यांतले काहीच नव्हते. नांगर धरता येणे वेगळे आणि तो धरायला शिकविणे वेगळे. कष्टाने थकलेल्या बापाला फुकटचा मदतनीस हवा असतो, विद्यार्थी नव्हे.

समर्थक गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणाचा आधार घेत. पण 1937 च्या वर्धा योजनेत चरखा शाळेत होता. तो शिक्षकासमोर चालायचा, आणि ब्राह्मणाच्या मुलाने तसाच महाराच्या मुलाने चालवायचा होता. त्याच्याही आधी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यातल्या शाळांचा अभ्यासक्रम सुचविला आहे. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, आरोग्य व नीतीचे काही पाठ, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. शेती त्यांनी वगळली नाही. उलट तिला पाटीवर, अक्षरांच्या आणि अंकांच्या शेजारी जागा दिली. जोतीरावांनी शेत शाळेत आणले. राजाजींनी मूल शेतात परत पाठविले. दोघांच्याही तोंडी शब्द श्रमाचाच होता, म्हणून हा फरक नीट पाहावा लागतो.

एप्रिल 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज मुख्यमंत्री झाले. मेमध्ये शिक्षणमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांनी योजना मागे घेतल्याचे जाहीर केले. गळतीचा प्रश्न अर्थातच त्यामुळे सुटला नव्हता. कामराजांनी त्याला निराळे उत्तर दिले: 1956 पासून गरीब मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळू लागले. ज्या वेळी राजाजींच्या योजनेत मूल घरी निघाले असते, त्याच वेळी आता ते शाळेत पंगतीला बसू लागले. या उत्तराला पैसा अधिक लागला हे खरे.

हे प्रकरण तामिळनाडूत अजून जुने झालेले नाही. 2023 मध्ये केंद्राने कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना आणली, तेव्हा कुटुंबाच्या परंपरागत धंद्याच्या अटीवरच बोट ठेवून तेथील सरकारने 2024 मध्ये ती आहे त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ काम शिकावे, अशी सूचना आहे. सूचना चांगली आहे. वकिलाच्या मुलाने कुंभाराच्या चाकाला हात लावला तर त्याचे काही बिघडणार नाही. मात्र चेन्नईत हे वाक्य कोणी वाचून दाखविले, की ऐकणारा आधी एवढेच विचारतो: कोणाचा मुलगा, आणि कोणाच्या चाकाजवळ?