कॉफी उकळावी कीं मुरवावी ?

सातारा-सांगलीकडील पांढरपेशा घरांत चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची, असा रिवाज दीर्घकाळ चालत आलेला आहे. एकादशीच्या दिवशीं, पावसाळ्यांतील एखाद्या गारठ्याच्या संध्याकाळीं, किंवा चहा न घेणारा पाहुणा दारीं आला म्हणजे कॉफीचा डबा फळीवरून खालीं येतो. पातेल्यांत दूध, थोडें पाणी, साखर आणि पूड हीं सारीं एकदमच घालून मंडळी तें मिश्रण चांगलें खळखळूं देतात. उतरवितांना वेलदोडा व जायफळ. पेय गोड, दाट आणि सुवासिक होतें यांत शंका नाहीं. परंतु त्या सुवासांत कॉफीचा वांटा किती, असें कोणीं विचारलें तर प्रामाणिक उत्तर 'फार थोडा' असेंच द्यावें लागेल. कॉफीचा स्वतःचा सुगंध वाफेबरोबर केव्हांच निघून गेलेला असतो, मागें राहिलेला कडूपणा साखरेनें झांकलेला असतो, आणि मान मात्र जायफळाला मिळतो.

याचें कारण श्रोत्यांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. भाजलेल्या कॉफींतील द्रव्यें पाण्यांत एकदम उतरत नाहींत. त्यांना क्रम असतो. प्रथम आंबटसर व सुगंधी अंश येतात, मागून गोडसर आणि भरदार चव येते, आणि सर्वांत शेवटीं कडू व तुरट अंश सुटूं लागतात. पाणी ९२ ते ९६ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान असलें आणि पुडीशीं त्याचा सहवास चार मिनिटें घडला, म्हणजे हवें तेवढें उतरतें. त्यापुढें उकळत ठेवणें म्हणजे जें नको तें काढणें होय. चहाचा चोथा दुसऱ्यांदा उकळल्यावर काय निघतें हें प्रत्येक घरास ठाऊक आहे, कॉफीचेंही तेंच.

पाणी किती तापवावें हें गांवाच्या उंचीवरही अवलंबून असतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें. दर ३०० मीटर उंचीला हा आंकडा साधारण एका अंशानें उतरतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंच, म्हणून तेथें पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतें. साताऱ्यास आणखी थोडें खालीं. महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटरांवर. तेथें तें ९५ अंशांच्या जरा वरच उकळतें, तेव्हां शेगडीवरून उतरविलेलें पाणी तसेंच पुडीवर ओतण्यास हरकत नाहीं. सांगलींत मात्र भांडें उतरून अर्धें-एक मिनिट थांबावें. थर्मामीटरची गरज नाहीं. बुडबुडे पूर्ण शमले कीं पाणी योग्य झालें असें समजावें.

सर्वांत सोपी रीत पातेल्याची. एका पेल्यास सुमारें १० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, जाडसर पूड घ्यावी, वर सव्वाशें ते दीडशें मिलिलिटर पाणी ओतावें, एकदां ढवळून झांकण ठेवावें आणि चार मिनिटें घड्याळाकडे पाहावें. नंतर मलमलीच्या फडक्यांतून गाळून निराळें तापविलेलें दूध मिसळावें. फडकें पिळूं नये. पिळल्यानें गाळ आणि तुरटपणा दोन्ही खालीं येतात. तें साबणानें धुणेंही बरें नव्हे, कारण साबणाचा वास सुताला चिकटतो व पुढच्या पेल्यांत उतरतो. दट्ट्याचें जें कांचपात्र हल्लीं 'फ्रेंच प्रेस' या नांवानें मिळतें, तेंही याच तत्त्वावर चालतें. विकत घेण्यापूर्वीं पातेलें आणि फडकें करून पाहावें.

दुसरी रीत दक्षिणेची. बाबा बुदन यांनीं सतराव्या शतकांत येमेनच्या मोचा बंदरांतून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आजही देशांतील सर्वांत अधिक कॉफी कर्नाटकांतच पिकते. त्या प्रांताचा शेजार असल्यामुळें सांगली-मिरजेच्या घरांना पितळी फिल्टर नवखा वाटूं नये. त्याचीं भांडीं दोन: वरच्याच्या बुडाला बारीक छिद्रें, खालचें अर्क सांठविण्याचें. वरच्यांत २५ ग्रॅम बारीक पूड पसरून चकतीनें हलकेंच दाबावी. घट्ट दाबली तर पाणी अडून बसतें, अगदीं सैल राहिली तर तें भरकन् निघून जातें. प्रथम थोडेंसेंच पाणी घालून पूड भिजवावी. पूड ताजी असेल तर ती फुगून वर फेस धरते. भाजण्याच्या वेळीं दाण्यांत कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायु तेथें सुटत असतो. फेस मुळींच आला नाहीं तर पूड शिळी, दुकानदार कांहींही म्हणो. मग उरलेलें पाणी घालून एकंदर दीडशें मिलिलिटर करावें. पूड आपल्या वजनाच्या सुमारें दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळें पंधरा-वीस मिनिटांत खालीं शंभर मिलिलिटर अर्क मिळतो. दोन-तीन पेल्यांस तो पुरे. हा अर्क पुन्हां शेगडीवर ठेवूं नये. गरम व्हावयाचें तें दुधानें.

पुडीच्या डब्यावरील अक्षरें चष्मा लावून वाचावीं. चिकोरी हें एका वनस्पतीचें भाजलेलें मूळ. रंग आणि दाटपणा ती देते, कॅफीन तिच्यांत नाहीं. मिश्रणांत निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे व प्रमाण डब्यावर छापलें पाहिजे असा नियम आहे. ८०-२० चें मिश्रण दुधाच्या कॉफीस शोभतें. निम्म्यास निम्में घेणें म्हणजे कॉफीच्या भावानें मूळ विकत घेणें. पूड एका वेळीं दोन आठवड्यांपुरतीच आणावी आणि घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. सांगली हळदीची पेठ. घरोघर हळद, तिखट व मसाल्याचे डबे एकाच फळीवर असतात. कॉफी शेजाऱ्याचा वास फार लवकर उचलते, म्हणून तिची जागा निराळी असावी.

दुधाचाही विचार हवा. १९३९ साली भिलवडीस चितळे यांनीं डेअरी सुरू केली, तो सगळा कृष्णाकांठ म्हशीच्या दुधाचा. या दुधांत स्निग्धांश सहा-सात टक्क्यांपर्यंत, गाईच्या दुधांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि स्निग्धांश चव झांकतो. तेव्हां म्हशीचें दूध असेल तर अर्क दाट ठेवावा अथवा दुधांत चतुर्थांश पाणी घालावें. कऱ्हाडकडील गूळ वापरावयाचा असल्यास तो उकळत्या दुधांत टाकूं नये, दूध फाटण्याचा संभव असतो. पेल्यांत अर्कामध्यें विरघळवून मग वर दूध ओतावें.

अशी कॉफी प्रथम पिणाऱ्या वडील मंडळींस ती पाणचट वाटेल आणि जायफळाची आठवण निघेल. जायफळ वर्ज्य करण्याचें कांहींच कारण नाहीं. तें झोप आणतें असा जुना समज, आणि कॉफी झोप उडविते हा सर्वांचाच अनुभव. एकाच पेल्यांत दोघांना बसविण्याची ही युक्ति ज्या घरांत प्रथम निघाली तें घर खरोखरच समेट करणारें असलें पाहिजे! तथापि कॅफीनचा अंमल निम्म्यावर येण्यास सरासरी पांच तास लागतात. सायंकाळीं सहाला घेतलेल्या पेल्याचा अर्धा अंमल रात्रीं अकराला शिल्लक असतो, आणि जायफळाच्या दोन वेढ्यांनीं तो हटत नाहीं. अधिक उगाळणें तर धोक्याचें, मुलांच्या बाबतींत विशेषच. सहाणेवर दोन वेढे द्यावे, तें साखरेंत मिसळून पेल्याच्या तळाशीं ठेवावें, आणि त्यावर अर्क व दूध ओतावें. म्हणजे जायफळाचाही वास उकळींत जात नाहीं.