तिकटीवर अडलेली लाट

ग्राफ म्हटला की आपल्याला शाळेतला चौकटीचा कागद आठवतो. गणितात आणखी एक ग्राफ असतो : नुसते बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. कोल्हापूरकरांना तो वेगळा समजावायला नको. बिंदू चौक, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी हे बिंदू आणि मधले रस्ते या रेषा.

समजा, सरळ रस्त्यावर एक जण नाणे उडवत चालला आहे. छापा आला तर एक पाऊल पुढे, काटा आला तर मागे. १०० पावलांनंतर तो मूळ जागेपासून साधारण १० पावलेच दूर असतो. क्वांटम कण मात्र लाटेसारखा दोन्ही वाटांनी निघतो. रंकाळ्यात दोन खडे टाकले की तरंग कुठे एकमेकांना उचलून धरतात, कुठे पुसून टाकतात; तसेच इथे घडते. १०० पावलांत ही लाट ७० पावलांपर्यंत धडक मारते. संगणकशास्त्रज्ञांना तिचे आकर्षण आहे ते या वेगापायी.

पण त्यासाठी रस्ता सगळीकडे सारखा हवा. जागोजागी लहानमोठे खड्डे असले तर? लाट जरा मंदावेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती थांबतेच! खड्ड्याखड्ड्यावरून परतणारे तरंग पुढची वाट पुसून टाकतात आणि कण निघाल्या जागेच्या आसपासच अडकतो. फिलिप अँडरसन यांनी हे १९५८ मध्ये दाखवले. १९७७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. एका ओळीत किरकोळ अव्यवस्थाही पुरते, त्रिमितीत ती बरीच लागते.

खरी गंमत पुढे आहे. खड्डे पावलागणिक जागा बदलत राहिले, तर लाट अडकत नाही. ती आपल्या नाणेवाल्यासारखी रेंगाळत का होईना, पसरत राहते. म्हणजे अडवायला ठाण मांडून बसलेला खड्डाच हवा. जर्मनीत २०११ मध्ये प्रकाशाचे स्पंद तंतूंच्या वेटोळ्यांतून फिरवून हे तिन्ही प्रकार एकाच उपकरणात दाखवले गेले. थोडी हलती गडबड अडकलेली ऊर्जा सोडवते, असे गणित २००८ मध्ये मांडले गेले होते. त्यावरून झाडाच्या पानापर्यंत उड्या मारल्या गेल्या. तिथे मी हात आखडता घेतो, कारण पुढे तो पुरावा बराच सैल ठरला.

क्वांटम यंत्र बांधणाऱ्याला म्हणूनच दोष किती, एवढेच पाहून चालत नाही. जागचा दोष एकदा मोजून त्याची भरपाई करता येते. चंचल दोषाशी मात्र यंत्र चालू असेतो झुंजावे लागते.